अकरा पायऱ्या की बारा

गेल्या भाऊबीजेला जेवणं उरकली, आवराआवर झाली आणि भावाच्या मुलीनं आईला विचारलं, "आजी, तुमचा वाडा नक्की होता तरी कसा गं?" ती वास्तुरचनेचं शिक्षण घेते आहे. वाडा पाडला २००३ साली, तिच्या जन्माच्या आधी. आई म्हणाली, "तोंडी सांगून कळायचं नाही. आण कागद."

आईनं पेन्सिल हातात घेतली आणि कागदाच्या मधोमध एक छोटा चौकोन काढला. आम्हांला वाटलं, चौक असणार. ती म्हणाली, "ही माझी ओट्याची जागा." मग तिनं ओट्याच्या डावीकडे मोरी काढली, मोरीच्या वर खिडकी, खिडकीखाली पाण्याचा पिंप. सगळा वाडा तिनं ओट्याला धरून बाहेर बाहेर उलगडत नेला. भावाला धीर निघेना. त्यानं दुसरा कागद घेऊन दिंडी दरवाजापासून सुरुवात केली. दरवाजा, देवडी, मग चौक. मी तिसरा कागद घेतला आणि माझ्याही नकळत जिन्यापासून सुरुवात केली. आमच्या दोन खोल्या माडीवर होत्या आणि लहानपणी माझा निम्मा दिवस जिन्यातच जायचा.

अर्ध्या तासानं तीन कागद शेजारी शेजारी ठेवले, तर त्यांतला एकही दुसऱ्याशी जुळेना. भावाच्या चौकात क्रिकेटचा आख्खा संघ मावला असता. आईचा चौक चार बादल्यांत धुऊन निघेल एवढा. आड माझ्या कागदावर तुळशीच्या डावीकडे होता, भावाच्या उजवीकडे. जिन्याला मी बारा पायऱ्या काढल्या होत्या. आई म्हणाली, "अकरा. एकोणचाळीस वर्षं चढले-उतरले मी, मला नको सांगूस."

भाची मोजपट्टी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "पण मापं कुठं आहेत?"

मापं कुठंही नव्हती.

आमचा वाडा नारायण पेठेतला. इतिहासात त्याला नाव नाही. कोणी सरदार तिथे राहिला नाही, तिथे कुठली खलबतं झाली नाहीत, कोणा थोर पुरुषाचा तिथे जन्म झाल्याची पाटी नव्हती. मालकांच्या घरात सांगायचे की मूळ बांधकाम पेशवाईच्या अखेरीचं, माडी नंतर चढवलेली. कागद कोणी दाखवला नाही, त्यामुळे खरंखोटं करायला मी जात नाही. वारसा म्हणून जपायच्या वास्तूंची यादी महापालिकेनं केली, तिच्यात तो नव्हता आणि असण्याचं कारणही नव्हतं. अशा शेकडो बिननावाच्या वाड्यांनी मिळून पुण्याच्या पेठा बनल्या होत्या. नावाजलेले वाडे ओळीतले अधूनमधून येणारे मोठे मणी. बाकीची सगळी माळ आमच्यासारख्या वाड्यांची होती.

भाऊबीजेनंतर भाची आणि मी सिटी सर्व्हेच्या कार्यालयात गेलो. मिळकत पत्रिकेचा उतारा मिळाला. त्यावर क्षेत्रफळ आहे, एकापाठोपाठ एक मालकांची नावं आहेत, वारसांच्या नोंदी आहेत. सोबतच्या नकाशात वाड्याची फक्त बाहेरची रेघ आहे, रस्त्याकडे अरुंद आणि आत लांबलचक गेलेली. रेघेच्या आत कोरा कागद. भाचीनं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे आत काय होतं हे सरकारला कधी माहीतच नव्हतं?"

आत काय होतं ते आता मीच सांगते, आठवतं तसं.

रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून दरवाजा. मोठी दोन दारं फक्त लग्नाकार्याला आणि गणपतीत उघडायची. एरवी त्यातल्या एका दारातली लहान दिंडी. दिंडीतून आत जायचं तर मान लववावी लागे आणि उंबरठा उंच म्हणून पाऊलही उचलावं लागे. नवा माणूस हमखास अडखळायचा. आत देवडी, दोन्ही अंगांना बसायला दगडी ओटे. मग चौक, शहाबादी फरशीचा. चौकाच्या तीन बाजूंना ओसरी, पलीकडे मालकांचं माजघर, मागे परस. वर चौकाभोवतीनं फिरणारी माडी. खोल्या फुटांत मोजायच्या नाहीत, खणांत मोजायच्या. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. आमची बाहेरची खोली तीन खणांची, स्वयंपाकघर दोन खणांचं. भाडेकरू ठेवायचे तेसुद्धा खणांवर. पेठांतून हा शब्दच आता ऐकू येत नाही. आता तिथे खण म्हणजे दुकानातला ब्लाउजपीस.

वाड्याचा सांगाडा लाकडाचा असतो हे मला तो पडताना कळलं. तोवर मी धरून चालले होते की भिंतींनी घर तोललंय. तसं नसतं. घडीव दगडाचं जोतं, जोत्यावर प्रत्येक खांबासाठी दगडाचा तळखडा, तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या आणि त्या कडीपाटावर मातीचा थर चोपून वरच्या मजल्याची जमीन. माझी आई शेणानं सारवायची ती जमीन म्हणजे खालच्यांचं छत. भिंती नंतर भरलेल्या, पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या, म्हणजे कच्च्या विटांच्या. वजन सगळं खांबांवर. भिंत नुसती आडोसा आणि उन्हाळ्यातला गारवा. म्हणून हे घर वाकतं, कुरकुरतं, कलतं, पण एकदम कोसळत नाही. एखादी भिंत ढासळली तरी सांगाडा उभा राहतो, माणसाला बाहेर पडायला वेळ देतो. त्याला मारतं ते पाणी. कौल फुटलं, पन्हळ तुंबली, की पाणी तुळईच्या भिंतीतल्या टोकाशी मुरतं. ते टोक डोळ्यांना दिसत नाही. दहा पावसाळ्यांत ते कुजतं. खाली खांबाच्या बुडाशीही तेच. पुढे कोणीतरी ओल लपवायला भिंतीला सिमेंटचा गिलावा देतो. मातीच्या भिंतीतली ओल आधी बाहेर निघून वाळायची, ती आता आतच कोंडते आणि लाकूड दुप्पट वेगानं जातं. आमच्या वाड्यात हे आम्हीच केलं. १९८४ साली माझ्या वडिलांनी मोठ्या हौसेनं बाहेरच्या खोलीला सिमेंटचा गिलावा करवून घेतला होता, वर आकाशी ऑइलपेंट. शेजारपाजारचे बघायला आले होते. वाडा पाडला तेव्हा त्या भिंतीतली तुळई हातानं कुस्करली जात होती.

हे वडिलांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्यांना सांगणारं कोणी नव्हतं. चुन्याची घाणी आमच्या जन्माआधीच बंद पडली होती, भेंडे करणारे गेले होते, तुळईला सांधा मारून नवा तुकडा बसवणारा सुतार अख्ख्या पेठेत उरला नव्हता. गवंडी मिळायचा तो सिमेंटचा. घर दुरुस्त करायचं म्हणजे काय, हे ज्यांच्या हातांना ठाऊक होतं ते हात आधी गेले आणि घरं मागाहून गेली.

आणि पैसा. याबद्दल पुण्यात मोकळेपणानं बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. आमचं भाडं महिन्याला अठरा रुपये होतं. माझ्या आजोबांनी खोल्या घेतल्या तेव्हा ठरलेलं. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकलं होतं. युद्धानंतरच्या टंचाईत निर्वासित, नोकरदार, गरीब यांना छप्पर मिळावं म्हणून केलेला तो कायदा होता आणि तेव्हा तो हवाच होता. त्याच्यामुळे आमच्यासारखी कारकुनाची घरं शहराच्या मध्यात राहू शकली, मुलं चांगल्या शाळांत पायी जाऊ शकली. पण तो पन्नासहून जास्त वर्षं चालला. १९९९ चा नवा कायदा आल्यावर वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. अठराचे चार टक्के म्हणजे बहात्तर पैसे. वाड्यात आम्ही चौदा बिऱ्हाडं. चौदा बिऱ्हाडांचं वर्षाचं भाडं एकत्र केलं तरी एका पावसाळ्याआधीची शाकारणी व्हायची नाही. मालकांनी वैशाखात कौलं फिरवणं आधी वर्षाआड केलं, मग सोडलं. आम्ही म्हणायचो, मालक लक्ष देत नाहीत. मालक म्हणायचे, राहतात ते चौदा आणि कौलं मी एकट्यानं चाळायची? दोघांचंही खरं होतं. मालकांच्या पुढच्या पिढीत वाटण्या झाल्या, एक भाऊ मुंबईला, एक बहीण इंदुरात, सहीला सगळे हवेत आणि खर्चाला कोणी नाही. गळकं कौल बदलायला वीस वर्षं सह्या झाल्या नाहीत. पाडायच्या करारनाम्यावर मात्र सगळ्या सह्या एका महिन्यात झाल्या.

त्या करारनाम्यावर आमच्याही घराची सही आहे. पाच खणांच्या भाड्याच्या जागेच्या बदल्यात मालकीचा फ्लॅट, स्वतःचं न्हाणीघर, स्वतःचा संडास, लिफ्ट. आईनं क्षणाचाही विचार केला नाही आणि मी तिला तो करायलाही सांगितलं नाही. वाड्याबद्दल गहिवरून बोलणारे बहुतेक पुरुष असतात किंवा माझ्यासारखे तिथून लग्न होऊन बाहेर पडलेले. आई लग्न होऊन आली १९६४ साली. सगळ्या बिऱ्हाडांत मिळून दोन संडास, पहाटे चारला उठून रांग. माडीवर नळ नव्हता. हंडा-कळशीनं पाणी जिन्यावरून वर. दर महिन्याचे ते तीन दिवस मागच्या पडवीच्या कोपऱ्यात, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असं बसायचं. बाळंतिणीच्या खोलीला खिडकी नव्हती. माझा जन्म त्याच खोलीतला. आई परवा म्हणाली, "तुम्हांला चौक आठवतो. मला गुडघे आठवतात." मग तिनं तिच्या कागदावर पडवीचा तो कोपरा काढला, पेन्सिल दाबून, काळाकुट्ट.

तिनं आणखी एक गोष्ट काढली, जी माझ्या नि भावाच्या नकाशात नव्हतीच. परसामागचा बोळ. जेमतेम दोन हात रुंद. टोपलीचे संडास होते तेव्हा ते साफ करणारी बाई त्या बोळातून यायची आणि त्या बोळातूनच जायची. दिंडीतून नाही, चौकातून नाही. आई म्हणाली, "रोज यायची. मी आले तेव्हा चार वर्षं येत होती, मग फ्लशचे झाले. तिचं नाव मला कधी कळलं नाही. आम्ही विचारलंच नाही." वाड्यात कोण कुठपर्यंत यायचं हे ठरलेलं होतं: कोणी बोळापर्यंत, कोणी देवडीपर्यंत, कोणी ओसरीपर्यंत, कोणी माजघरापर्यंत. उंबरठे त्यासाठीच इतके होते. वाडा जपायचा म्हणजे हेही ठाऊक ठेवून जपायचा, असं मला वाटतं. बोळ पुसून टाकलेला नकाशा खोटा ठरेल.

वाड्यावर पहिला घाव घातला तो पुरानं. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत घुसलं. आजी सांगायची, पाणी दिंडीतून आलं नाही, मागून परसातून आलं, आणि आधी आवाज आला. घरची माणसं वेळेत निघाली होती. संध्याकाळी परत येऊन पाहतात तर मागचा अर्धा वाडा बसलेला. पाण्यात मातीचे भेंडे विरघळले, भिंती चिखल होऊन खाली आल्या. पुढच्या भागाच्याही भिंती गेल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता, पिंजऱ्यासारखा आरपार दिसणारा. त्या पिंजऱ्यात पुन्हा भिंती भरून आमच्या खोल्या झाल्या. खडकवासलाच फुटल्यामुळे शहराचे नळ कोरडे पडले, तेव्हा चौकातल्या आडाचा गाळ उपसून तो पुन्हा वापरात आणला. त्या एका दिवसात नारायण, शनिवार, कसबा या पेठांतले किती वाडे गेले! पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगरकडे वसाहती झाल्या, माणसं तिकडे गेली आणि पेठांतल्या अनेकांना पहिल्यांदा कळलं की पेठेबाहेरही राहता येतं. आमच्या ओसरीच्या एका खांबावर पाण्याची रेघ शेवटपर्यंत होती, माझ्या डोक्याच्या वर दोन हात. शाळेत असताना मी दर वर्षी त्या खांबाला पाठ लावून बघायची, आपण रेघेच्या किती जवळ आलो.

तो खांब कुठे गेला ते मला माहीत आहे, निदान पहिला टप्पा तरी. वाडा पाडताना यंत्र शेवटी येतं. आधी वीज तोडतात. मग कौलं उतरवतात, धड असलेली वेगळी रचून ठेवतात. मग दारं, खिडक्या, गज. मग लाकडाचे व्यापारी येतात. ते खांबाला आधी टिचकी मारतात, कान लावतात, मग एका कोपऱ्यात छोटी कोर काढून आतला रंग बघतात. जुना साग घनफुटावर विकला जातो. आमच्या वाड्याच्या चौकात चार सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारखे निमुळते, खांब होते, वरती केळफुलाचं कोरीव काम. ते चार वेगळे बाजूला ठेवले गेले. ट्रक भरताना मी तिथे होते. व्यापारी म्हणाला, हे फार्महाऊसला जातील. पाण्याच्या रेघेचा खांब साधा होता, तो फळ्या काढायला गेला. नंतर दोन दिवस यंत्रानं भिंती पाडल्या. धूर व्हावा तशी पांढरी धूळ उठली, आणि समोरच्या दुकानदारानं काचेवर ओलं फडकं मारत राहून शेवटी शटर खाली ओढलं. गावाच्या वस्तीला आपण पांढरी म्हणतो आणि शेताला काळी. माणसं राहून राहून जी माती पांढरी झाली, तिचेच भेंडे पाडून ही घरं बांधली होती. ती पांढरी सतरा-अठरा ट्रक भरून गेली, कुठल्यातरी खड्ड्यात भर म्हणून. खाली जोतं उरलं, घडीव दगडांचं, सुबक. तेव्हा मला क्षणभर शनिवारवाडा आठवला. १७३० साली पाया घातलेला, १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला, आणि १८२८ च्या आगीत लाकडाचं सगळं जळून गेल्यावर उरलेला. आत गेलं की आपण जोत्यांमधूनच चालतो. पण त्या जोत्यांवरून कुठे चौक होते, कुठे दालनं होती, एवढं तरी कळतं. आमचं जोतंही राहिलं नाही. पार्किंगसाठी पाया खोल हवा होता. तिसऱ्या आठवड्यात दगड उपटले, आडात राडारोडा भरला.

आडावर आता आमच्या इमारतीचा वॉचमन खुर्ची टाकून बसतो. त्याला मी कधी सांगितलं नाही.

सगळंच पडतं असंही नाही, आणि पडायलाच हवं असंही नाही. थोरल्या बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावानं बांधला, १८०७ मध्ये पुरा केला. १८७९ साली तो जाळला गेला, त्याच वेळी बुधवार वाडाही जळला. बुधवार वाड्याचं आज नावच उरलं आहे. विश्रामबाग मात्र लोकांनी वर्गणी काढून आणि नगरपालिकेनं पैसे घालून पुन्हा उभा केला, आणि त्याची दर्शनी लाकडी मेघडंबरी, म्हणजे कोरीव सज्जा, आपण बसमधूनही पाहू शकतो. एकाच आगीतले दोन वाडे. एकामागे माणसं उभी राहिली आणि दुसरा गेला. कोथरूडचा मस्तानीचा महाल मोडला तेव्हा दिनकर केळकरांनी त्याचे भाग आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा जोडले. अहमदाबादच्या पोळींतली, म्हणजे जुन्या मोहल्ल्यांतली, घरंही आपल्यासारखीच लाकडी सांगाड्याची, दाटीवाटीची, भाऊबंदकीत अडकलेली. तरी २०१७ मध्ये तो सगळा जुना भाग जागतिक वारसा ठरला. तिथेही घरं पडत असतात, पण निदान शहराला ठाऊक आहे की आपल्याकडे काय आहे.

आणि भिडे वाडा. बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती तिथे. मी त्याच्याकडे आयुष्यभर येताजाता पाहिलं. खाली दुकानं, वर ढासळत गेलेली माडी, मोडके कठडे, कौलांतून उगवलेला पिंपळ. स्मारक व्हावं म्हणून मागणी होती, जागेवरून खटला होता, तो वर्षानुवर्षं चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला एका रात्रीत महापालिकेनं ताबा घेऊन वाडा पाडला. आता तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. ते व्हायलाच हवं आणि भव्य व्हायला हवं. पण त्या सकाळी बातमी वाचून मी रडले. मला त्या माडीवर एकदा उभं राहायचं होतं. शेणाचा मारा सोसून आलेली सावित्रीबाई कुठल्या दारानं आत गेली, पातळ बदलायला कुठे थांबली, मुलींची पाठ भिंतीला होती की खिडकीला, उजेड कुठून यायचा. असल्या गोष्टी स्मारकाला सांगता येत नाहीत, त्या त्या खोलीलाच सांगता येतात. खटल्याच्या वर्षांत कौलं तरी कोणी चाळायला हवी होती. वाद जागेचा होता, आणि पाऊस मात्र शाळेवर पडत राहिला.

दर मे महिन्यात धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात. पांढऱ्या पाटीवर लाल अक्षरं, खाली टेकू. त्यांतले बरेच खरोखर धोकादायक असतात आणि त्यांत अजून म्हातारी माणसं राहत असतात. एखादी भिंत पडून कोणी दगावलं की सगळे हळहळतात. त्या माणसांना आधी सुखरूप बाहेर काढा, त्यांना घर द्या, यात दुमत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: पाडायच्या आधी मोजा. भाची म्हणते, आमच्यासारखा वाडा चार विद्यार्थ्यांना मोजायला दोन दिवस पुरतात. फीत, फळी, कॅमेरा. खण किती, खांबांची जाडी किती, तुळईला सांधा कसा, बोळ किती रुंद, कोणत्या भिंतीत कोणते कोनाडे. नव्या इमारतीचा नकाशा मंजूर होताना संडासाच्या खिडकीचं मापसुद्धा द्यावं लागतं. जुन्याचा एक नकाशा त्याच फायलीत लावायची सक्ती करायला काय जड आहे? बिल्डरला त्याचा खर्च एका दाराच्या चौकटीएवढाही येणार नाही. शंभर वर्षांनी कोणाला चौदा बिऱ्हाडं एका चौकाभोवती कशी राहत होती हे समजून घ्यायचं असेल, तर त्याला मोठ्या सरदारांच्या वाड्यातून ते कळणार नाही.

आम्हांला हे २००३ मध्ये सुचलं नाही. पाडायच्या आदल्या रविवारी सगळी बिऱ्हाडं जमली होती. चौकात भेळ केली, फोटो काढले. ते सगळे फोटो मी परवा शोधून काढले. चौतीस फोटो आहेत. प्रत्येकात माणसं ओळीनं उभी, हसरी, कॅमेऱ्याकडे बघणारी. मागे वाडा कुठे अर्धा खांब, कुठे दाराची कड. जिन्याचा एकही फोटो नाही.

फोटोंवरून एक लागलं: आड तुळशीच्या उजवीकडेच होता, भावाचं बरोबर होतं. चौक आईच्या आणि भावाच्या मधला निघाला. भाचीनं एका फोटोतल्या शहाबादी फरश्या मोजल्या. फरशी दोन फुटी धरून तिनं चौकाची एक बाजू बसवली आणि त्यावरून खण. असं करत करत आता तिच्या मोठ्या कागदावर वाडा उभा राहतो आहे, पेन्सिलीत, खोडरबरानं मळलेला. आईचा कोपरा त्यात आहे. बोळही आहे.

जिना राहिला होता. आई अकरावरून हटेना, मी बारावरून. शेवटी आईनं खालच्या मजल्यावरच्या काकूंना फोन लावला. त्या आता धायरीला मुलाकडे असतात, पंच्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांची खोली जिन्याखालीच होती. आईनं स्पीकर लावला. "अहो काकू, आपल्या जिन्याला पायऱ्या किती हो? अकरा ना?"

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग काकू म्हणाल्या, "थांबा, उतरून बघते."

आम्ही थांबलो. त्या डोळे मिटून मोजत असणार. पुटपुटणं ऐकू येत होतं.

"बारा," त्या म्हणाल्या. "पण अहो, सातवी हलायची ना. हंडा घेऊन तुम्ही ती नेहमी टाकूनच चढायचात. वरनं तुमची पावलं मोजत मी भाकरी थापायची. अकराच वाजायची."

आईनं फोन ठेवला आणि मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. भाचीनं कागद पुढे ओढला, बारा रेघा मारल्या, आणि सातवी तुटक काढली.